जुन्या एलपी-कॅसेटच्या कव्हरांचं विश्लेषण: मोजायचं काय आणि साल कसं ठरवायचं?

वेलांटी

नमस्कार मंडळी. डिझाइनच्या अभ्यासक्रमासाठी विषय घेतलाय: १९६० ते १९९५ या काळात भारतात निघालेल्या मराठी आणि हिंदुस्थानी संगीताच्या तबकड्या-कॅसेटची कव्हरं. १४० नग जमलेत. त्यांत ५२ एलपी (मोठ्या तबकड्या), ३८ ईपी (लहान, बहुधा चार गाण्यांच्या तबकड्या) आणि ५० कॅसेट. ख्याल-वाद्यवादन, नाट्यसंगीत, भावगीत, अभंग-आरत्या आणि चित्रपटगीतं असे पाच गट पाडलेत.

पहिल्या मसुद्यातली निरीक्षणं अशी: ख्यालाच्या एलपीवर कलाकाराचा फोटो, तंबोरा, गडद रंग, रोमन लिपीत मोठं नाव. भक्तिगीतावर देवाचं चित्र आणि भगवा-पिवळा. चित्रपटाच्या कव्हरवर पोस्टरच लहान केलेलं. मार्गदर्शकांचा शेरा: हे कव्हर न बघताही सांगता येतं. त्यांचं चुकलेलं नाही.

तर प्रश्न असे. बघून वाटलं ते लिहिण्याऐवजी मोजता येईल असं काय आहे? अर्ध्याअधिक नगांवर साल छापलेलं नाही, त्यांचं काय करायचं? स्कॅन केलं की चित्रावर जाळीसारखे पट्टे येतात आणि एलपी तर काचेवर मावतच नाही. शेवटचा प्रश्न, एलपी आणि कॅसेट एकाच तक्त्यात घ्याव्यात का?

दमदम

सालाचं आधी बघू, बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

साल हा एक रकाना ठेवू नका, तीन ठेवा: ध्वनिमुद्रण केव्हाचं, ते पहिल्यांदा बाजारात केव्हा आलं आणि तुमच्या हातातली प्रत केव्हा छापली. कव्हरच्या अभ्यासात तिसरं साल कामाचं, आणि नेमकं तेच बहुधा छापलेलं नसतं. १९६२ चं गाणं १९८८ च्या कॅसेटवर असेल तर संगीताच्या इतिहासात ते १९६२ चं, डिझाइनच्या इतिहासात १९८८ चं.

प्रतीचा काळ काढायचा तर मागचा बारीक मजकूर भिंग लावून वाचा. सगळ्यात भरवशाची खूण पत्त्याची. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाले. त्याआधी बॉम्बे २६, कलकत्ता २८ असे टपाल विभाग लिहीत, आणि पुढे तेच आकडे पिनच्या शेवटी आले. एचएमव्हीच्या, म्हणजे ग्रामोफोन कंपनीच्या, कव्हरवर ३३, जेसोर रोड, दमदम या पत्त्यापुढे ७०० ०२८ असेल तर ती छपाई १९७२ च्या ऑगस्टआधीची असूच शकत नाही. बॉम्बेचं मुंबई १९९५ मध्ये, कलकत्त्याचं कोलकाता २००१ मध्ये. कंपनीचं सारेगामा हे नाव २००० चं, म्हणजे ते दिसलं तर नग तुमच्या काळाबाहेरचा, आतलं गाणं कितीही जुनं असो.

दुसरी खूण कायद्याची. १९८४ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ५२अ आलं. ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कधारकाचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं साल या तीन गोष्टी तबकडी किंवा कॅसेटवर आणि तिच्या वेष्टनावर छापणं बंधनकारक झालं. त्यामुळे ऑक्टोबर १९८४ नंतरच्या नगांवर साल सापडण्याची शक्यता एकदम वाढते. सापळा असा की हे साल पहिल्या प्रकाशनाचं असतं, तुमच्या प्रतीचं असेलच असं नाही. वर्तुळातल्या पी या (ध्वनिमुद्रणाच्या हक्काच्या) खुणेशेजारचं सालही तसंच वाचायचं.

तिसरी खूण क्रमांकाची. ग्रामोफोन कंपनीच्या मालिकांमध्ये ईएएलपी आणि ईसीएलपी मोनो, तर ईएएसडी आणि ईसीएसडी स्टीरिओ. ईपीवर ७ईपीई सारखी अक्षरं दिसतील. एकाच मालिकेत मोठा आकडा बहुतेक वेळा नंतरचा, पण दोन वेगळ्या मालिकांमधले आकडे एकमेकांशी लावू नका, त्यातून काहीही निघत नाही. मोनो-स्टीरिओ जोडी हाती लागली तर ती सोन्यासारखी. दोन्ही कव्हरं शेजारी ठेवून काय बदललं ते बघा. कोपऱ्यातला एक शब्दच बदलला असेल तर चित्र आणि मांडणी हा दोन्ही आवृत्त्यांचा सामायिक साचा होता, हे तिथेच कळतं.

या सगळ्या खुणा 'याच्या आधीचं नाही' एवढंच सांगतात. छापलेली कव्हरं गोदामात वर्षानुवर्षं पडून असत आणि तबकडी नवी दाबली तरी कव्हर जुनंच वापरलं जाई. म्हणून एक साल लिहायचा मोह टाळा, पट्टा लिहा: १९७२ ते १९७९, असा. पट्टा दहा वर्षांहून रुंद झाला तर तो नग काळाच्या तुलनेतून काढा, बाकी तुलनांत राहू द्या.

अजून एक. कव्हरवरचा, कण्यावरचा (कव्हरच्या अरुंद कडेवरचा) आणि तबकडीच्या लेबलवरचा क्रमांक जुळतो का हे प्रत्येक नगाचं तपासा. ईपींची अदलाबदल सर्रास झालेली असते. शिवाय बऱ्याच ईपी चित्राच्या कव्हरऐवजी कंपनीच्या सरधोपट, मध्ये भोक असलेल्या पाकिटात सापडतात. ते पाकीट म्हणजे त्या गाण्यांचं कव्हर असं धरलंत तर तक्ताच बिघडेल.

शिरोरेखा

मोजायचं काय, यावर.

पारदर्शक कागदावर १० × १० चौकटींची जाळी काढा, संगणकावर थर म्हणून टाकलीत तरी चालेल. कव्हरच्या मापाला ती ताणायची. प्रत्येक चौकट म्हणजे पृष्ठभागाचा १ टक्का. मग चेहरा किती चौकटी, वाद्य किती, अक्षरं किती, कंपनीचं चिन्ह किती, मोकळी जागा किती. अर्ध्याहून जास्त भरलेली चौकट धरायची, बाकीची सोडायची. काम कंटाळवाणं आहे, पण 'ख्यालाच्या कव्हरवर चेहरा मोठा' या वाक्याला अर्थ येतो तो इथे. कदाचित असंही निघेल की चेहरा भावगीतावर जास्त मोठा आहे आणि ख्यालावर कंबरेपासून वरचं शरीर आणि हातातलं वाद्य.

अक्षरांची उंची मिलिमीटरमध्ये मोजा आणि कव्हरच्या उंचीच्या टक्क्यांत मांडा. इथे दोन लिप्यांची गफलत होते. रोमनमध्ये मोठ्या लिपीतल्या (कॅपिटल) अक्षराची उंची घेतात. देवनागरीत वेलांटी-मात्रेसकट मोजलंत तर देवनागरी उगाच मोठी दिसेल. शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंतच मोजा. उकार, रफार, वेलांटी सोडून द्या.

माझ्या मते सगळ्यात कसदार रकाना नावांच्या उतरंडीचा आहे. कव्हरवर सहा प्रकारची नावं येऊ शकतात: गायक किंवा वादक, संगीतकार, कवी, नाटक किंवा चित्रपट, राग किंवा गाण्याचा मुखडा, कंपनी. प्रत्येकाचा आकाराने कितवा क्रमांक ते लिहा, दर्शनी बाजूला नसेल तर शून्य. मग प्रश्न आपोआप सुचतात. कवीचं नाव भावगीताच्या दर्शनी बाजूला येतं, ते चित्रपटाच्या कव्हरवर मागे जातं का? नाट्यसंगीताच्या ईपीवर नाटकाचं नाव मोठं की गायकाचं? चित्रपटाच्या एलपीवर संगीतकार आणि पार्श्वगायक यांच्या अक्षरांच्या उंचीचं गुणोत्तर किती? पंडित, उस्ताद, बुवा, श्रीमती या उपाध्यांसाठी वेगळा रकाना. मराठी मजकुरात बुवा आणि रोमनमध्ये पंडित असं एकाच नगावर दिसलं तर तिथे थांबून दोन ओळी जास्त लिहा.

उतरंडीमागे तबकडीचं गणितही असतं. एलपीच्या एका बाजूला साधारण २० ते २५ मिनिटं मावतात. ख्याल असेल तर दोन बाजूंना दोनतीन राग, म्हणजे दर्शनी बाजूला नाव आणि रागांची एक ओळ पुरते आणि जागा मोकळी राहते. गाण्यांची एलपी दहा-बारा गाण्यांची, यादी मागेच टाकावी लागते. ईपीवर बहुधा चार गाणी, ती पुढेसुद्धा मावतात. तेव्हा 'शास्त्रीय संगीताची कव्हरं संयत असतात' असं लिहिण्याआधी हे बघा की तिथे लिहायला मुळात मजकूरच कमी होता.

अक्षर हाताने काढलंय की छापील टंक (फॉन्ट) आहे, हाही रकाना हवा. चाचणी सोपी: शीर्षकात दोनदा आलेलं एकच अक्षर घ्या, समजा दोन 'त'. एकावर एक ठेवून तंतोतंत जुळले तर टंक किंवा नक्कल, किंचित वेगळे असतील तर हात. देवनागरीत शीर्षकांसाठीच्या टंकांची निवड फार थोडी होती, रोमनला १९६० च्या दशकापासून लेट्रासेटच्या (घासून कागदावर उमटवायच्या) चिकटअक्षरांची पानंच्या पानं मिळत. त्यामुळे एकाच कव्हरवर रोमन नाव तयार टंकात आणि मराठी शीर्षक हाताने काढलेलं, ही जोडी वारंवार दिसेल. नाट्यसंगीतासाठी अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी नाटकांच्या शीर्षकांना दिलेलं अक्षरवळण समोर ठेवा. वृत्तपत्रातल्या नाटकाच्या जाहिरातीतलं अक्षर कव्हरवर किती आलं आणि किती गाळलं गेलं, एवढ्यावर एक प्रकरण होईल. नव्वदीत श्रीलिपीसारखे संगणकीय टंक आले की हा रकाना झपाट्याने बदलतो.

तुमच्या मसुद्यात एक धोका दिसतोय. ५२ एलपींपैकी एकाच कंपनीच्या किती? बहुसंख्य असतील तर तुम्ही ज्याला शास्त्रीय संगीताची शैली म्हणताय ती त्या कंपनीच्या कलाविभागाची शैली असू शकते. चिन्ह कुठल्या कोपऱ्यात, क्रमांक कुठे, स्टीरिओचा पट्टा कुठे हे आधी कंपनीनिहाय लिहून काढा. जे सगळ्याच गटांत एकाच जागी येतं तो साचा. तो वजा करून जे उरेल त्यावर बोला.

ब्लू नोट या अमेरिकन जॅझ कंपनीच्या कव्हरांशी तुलना मात्र टाळा, अशा निबंधांत ती हमखास येते. रीड माइल्सने तिथे १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९६७ पर्यंत जे केलं ते एका डिझायनरचं, एका छोट्या कंपनीसाठी, फ्रान्सिस वुल्फने काढलेल्या फोटोंवर आणि बऱ्याचदा एक-दोन रंगांत. दमदमहून सगळ्या भाषांसाठी एकत्र निघणाऱ्या कव्हरांना तो गज लावण्यात अर्थ नाही.

वेलांटी

दोघांचे आभार. ५२ पैकी ४४ एलपी एकाच कंपनीच्या निघाल्या, म्हणजे साच्याचा मुद्दा लागू आहे.

एक अडचण आहे. मैत्रिणीने आणि मी वेगवेगळं कोडिंग (प्रत्येक कव्हर बघून रकाने भरणं) करून पाहिलं. चेहऱ्याचा भाव या रकान्यात गंभीर, प्रसन्न, भक्तिमय असे पर्याय होते आणि आमचं अजिबात जुळलं नाही. रंगाच्या रकान्यातही गोंधळ. तिला जे मातकट वाटतं ते मला केशरी.

शिरोरेखा

भावाचा रकाना काढून टाका आणि त्याजागी दिसतील अशाच गोष्टी विचारा. नजर कॅमेऱ्याकडे आहे की नाही? डोळे मिटलेले आहेत का? तोंड उघडं की बंद? हात वाद्यावर, हवेत की फ्रेमबाहेर? भक्तिमय हे तुम्ही या चार उत्तरांच्या जुळणीतून नंतर काढायचं.

दोघींनी तेच ३० नग एकमेकींना न विचारता कोड करा आणि प्रत्येक रकान्याचा कोहेनचा कॅप्पा काढा, म्हणजे योगायोग वगळून दोघींचं किती जुळतं ते सांगणारा आकडा. ०.७ च्या वर असेल तर रकाना ठेवा, खाली असेल तर व्याख्या बदला आणि पुन्हा करा. नुसती टक्केवारी बघू नका. दहातल्या नऊ कव्हरांवर तोंड बंदच असेल तर डोळे झाकून 'बंद' लिहिलं तरी नव्वद टक्के जुळतं.

रंगाचं ठिपका सांगतील.

ठिपका

रंगाचा गोंधळ दोघींच्या नजरेचा नसून कव्हरच्या वयाचा असू शकतो. चार रंगांच्या छपाईत प्रकाशाने किरमिजी आणि पिवळा आधी उडतात, निळा आणि काळा टिकतात. दुकानाच्या काचेत राहिलेलं कव्हर त्यामुळे निळसर दिसतं. उलट लॅमिनेशन जुनं झालं की पिवळं पडतं आणि पांढरा रंग सायीसारखा दिसू लागतो. मूळ रंग बघायचा तर प्रकाश न लागलेला भाग शोधा. पुढचा कागद मागे दुमडून चिकटवलेल्या कव्हरमध्ये दुमडीचा सुटलेला काठ, कॅसेटच्या कार्डात (डबीतल्या दुमडलेल्या छापील कागदात) आत वळलेली पट्टी. कार्डाचा कणा तर पुढच्या बाजूहूनही जास्त उडालेला असतो, कारण मांडणीत तोच बाहेर असे. रंगाच्या रकान्यात आठच कुळं ठेवा (लाल, केशरी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, मातकट, काळा-पांढरा) आणि शेजारी 'उडालाय का' असा हो-नाहीचा रकाना.

कव्हरवर दिसणारं गोल वर्तुळही डिझाइन समजू नका. तबकड्या घट्ट दाबून किंवा आडव्या रचून ठेवल्या की आतल्या तबकडीची कड कागदावर उमटते. पावसाळ्यातल्या बुरशीचे ठिपके आणि कसरीने कुरतडलेल्या कडा यांचाही मोकळ्या जागेच्या चौकटी मोजताना त्रास होतो. अशा चौकटी 'खराब' म्हणून वेगळ्या मोजा.

आता पट्टे. छापील चित्र मुळात ठिपक्यांचं असतं, साधारण इंचाला १३३ किंवा १५० ओळींची जाळी. स्कॅनरचीही स्वतःची जाळी असते. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० बिंदू) दोन्ही एकमेकींत अडकतात आणि पट्टे उमटतात. ६०० ला स्कॅन करा, स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये डीस्क्रीनचा (छपाईची जाळी पुसण्याचा) पर्याय असेल तर लावा, मग ३०० वर आणा. त्याखेरीज प्रत्येक कव्हरचा २ सेंमी × २ सेंमी तुकडा १२०० ला, डीस्क्रीन न लावता ठेवा. छपाईची पद्धत त्यात दिसते. चार रंगांचे ठिपके फुलासारखे जमलेले आणि ठिपक्यात शाई सगळीकडे सारखी असेल तर ऑफसेट. ठिपक्याच्या कडेला शाईची गडद रेघ असेल तर ब्लॉकची, म्हणजे उठावाच्या ठशांची छपाई. ठिपकेच नसलेला सपाट रंग असेल तर तो खास मिसळलेली शाई. दोन सपाट रंग आणि काळ्या ठिपक्यांचा फोटो, एवढ्यावर भागवलेलं कव्हर सापडलं तर 'गडद, संयत रंगसंगती' असं लिहू नका. तिथे पैसे वाचवलेत.

एलपीचं कव्हर साधारण ३१.५ सेंमी चौरस. ए४ सोडाच, ए३ स्कॅनरची काचही २९.७ सेंमी रुंद, म्हणजे जवळजवळ दोन सेंटिमीटर कमी पडतात. चार तुकड्यांत स्कॅन करून जोडायचं तर तुकडे एकमेकांवर किमान ३ सेंमी येऊ द्या आणि चारही वेळा कव्हर त्याच दिशेने ठेवा. फिरवलंत तर प्रकाशाची दिशा बदलते आणि जोड दिसतो. त्यापेक्षा कॅमेरा बरा. २४ मेगापिक्सेलच्या चित्राची लहान बाजू ४००० पिक्सेल, तुम्हाला ३०० डीपीआयला ३७२० लागतात, म्हणजे बसतं. ५० ते ६० मिमीची लेन्स, एफ ८, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दोन सारखे दिवे. कॅमेरा कव्हरला समांतर आहे का हे बघायला कव्हरच्या मध्यभागी छोटा आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्ये आलं की झालं. लॅमिनेशनची चकाकी जात नसेल तर दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म, लेन्सवर पोलरायझर आणि तो फिरवत चकाकी नाहीशी होईल तिथे थांबा. प्रत्येक खेपेला रंग जुळवायला करड्या कार्डाचा एक फोटो. फोनने काढायचंच असेल तर रुंद लेन्स नको, तिच्यात कडा वाकतात आणि तुमची १० × १० जाळी चुकते. प्लास्टिकच्या पिशवीतून फोटो काढू नका, हे सांगावं लागू नये, पण लागतं.

जेकार्ड

एलपी आणि कॅसेट एकाच तक्त्यात घ्याव्यात का, याचं उत्तर राहिलं.

आधी आकार. एलपीचा दर्शनी भाग ९९० चौसेंमीच्या आसपास. कॅसेटच्या कार्डाची पुढची बाजू ६५ × १०२ मिमी, म्हणजे ६६ चौसेंमी. पंधरापट फरक. शिवाय एक चौरस, दुसरा उभा. चौरसात माणूस आणि तंबोरा शेजारी बसतात, उभ्यात एकच काहीतरी मावतं, आणि जे मावतं ते बहुधा चेहरा. 'कॅसेटच्या काळात चेहरा मोठा झाला' या निरीक्षणाला चौकटीचा आकारच बराचसा जबाबदार आहे.

अक्षरांचंही तसंच. एलपीच्या रुंदीवरून कॅसेटच्या रुंदीला आणलं तर २४ मिमीचं नाव ५ मिमीचं होतं आणि मागची १० पॉइंटची टिपणं २ पॉइंटची. ती वाचता येणार नाहीत, म्हणून ती गेलीच. एलपीच्या मागे घराणं, गुरू, राग, तालाची माहिती देणारा इंग्रजी मजकूर असे. कॅसेटच्या मागच्या पट्टीला १६ मिमी, फार तर २५. तिथे बाजू ए, बाजू बी आणि गाण्यांची यादी. ख्यालाच्या कव्हरचं गंभीर, अभ्यासू रूप अर्धंअधिक त्या मागच्या पानावर होतं आणि माध्यम बदलताच ते पान नाहीसं झालं. तुमचा तक्ता फक्त दर्शनी बाजूचा असेल तर हा सगळा बदल हातातून निसटेल. मागच्या बाजूसाठी निदान तीन रकाने घाला: टिपण आहे का, कुठल्या भाषेत, साधारण किती ओळी.

कणा विसरू नका. १२-१३ मिमीच्या त्या पट्टीवर काय लिहिलंय आणि कुठल्या लिपीत? कॅसेट भिंतीवरच्या मांडणीत कणा बाहेर करून लावत, तेव्हा गिऱ्हाईक आधी कणा वाचत असे.

अभंग-आरत्यांच्या कॅसेटमध्ये रंग फारच भडक वाटले तर छपाईची व्यवस्था लक्षात घ्या. २० × ३० इंची कागदावर तीसेक कार्डं एकत्र बसतात, वेगवेगळ्या कॅसेटची. एकाच ओळीत येणाऱ्या कार्डांना शाई एकाच प्रमाणात मिळते. शेजारच्या कार्डावर लाल भरपूर असेल तर तुमच्या विठोबाच्या गालावरही तो चढतो.

आणि नव्याने गायलेली जुनी गाणी हा गट वेगळा काढा. १९८० आणि ९० च्या दशकांत अशा कॅसेट खूप निघाल्या. त्यांची ठरलेली मांडणी म्हणजे मूळ चित्रपटाची किंवा मूळ गायकाची आठवण करून देणारं मोठं चित्र आणि प्रत्यक्ष गायकाचं नाव तळाशी बारीक. इथे तुमच्या नावांच्या उतरंडीचा रकाना उलटा होतो. ही दृश्यरूढी इतकी बळावली की ती कायद्यात आली. १९९४ च्या दुरुस्तीने अशा ध्वनिमुद्रणांना लोकांची दिशाभूल करणारं वेष्टन चालणार नाही असं म्हटलं. २०१२ च्या कलम ३१क ने आणखी नेमकं सांगितलं: मूळ गायकाचं नाव किंवा चित्र नको, मूळ चित्रपटाचं चित्रण नको आणि हे या कलमाखाली नव्याने केलेलं 'कव्हर व्हर्जन' आहे असं कव्हरवर लिहा. तुमचा काळ १९९५ ला संपतो, म्हणजे पहिली दुरुस्ती अगदी काठावर येते.

गोव्याच्या कोंकणी कॅसेट हाती लागल्या तर त्यांना या तक्त्यात ओढू नका. ख्यालाच्या एलपीवरची रोमन लिपी प्रतिष्ठेसाठी असं म्हणता येईल, पण तियात्राच्या (कोंकणी संगीतनाटकाच्या) कॅसेटवर रोमन ही रोजच्या वाचनाची लिपी आहे, तिथे 'रोमन म्हणजे प्रतिष्ठा' हे वाचन साफ चुकेल.

तेव्हा उत्तर: तक्ता एक ठेवा, पण तुलना वेगळी. १४० नग भागिले पाच गट, तीन माध्यमं, तीन कालखंड. खाने झाले ४५, म्हणजे एका खान्यात सरासरी तीन नग. यावर टक्केवारी काढणं म्हणजे थट्टा. त्याऐवजी एकच ध्वनिमुद्रण एलपीवर आणि कॅसेटवर दोन्ही आलंय अशा जोड्या शोधा. दहा-बारा जोड्या मिळाल्या तरी पुरेत. संगीत तेच, कलाकार तोच, बहुधा कंपनीही तीच, म्हणजे जो फरक दिसेल तो माध्यमाचा आणि काळाचा.

दमदम

जोड्यांचं पटलं. दोन मुद्द्यांवर मतभेद.

डिझाइनच्या पुस्तकांत एक नियम असतो: नाव वरच्या तिसऱ्या भागात, कारण दुकानातल्या खोक्यात तबकड्या उभ्या असतात आणि गिऱ्हाईक बोटांनी चाळतं. अमेरिकेत कोलंबियासाठी ॲलेक्स स्टाइनवाइसने १९४० च्या सुमारास चित्रांची कव्हरं सुरू केली, त्यानंतर स्वतः हाताळून घ्यायची दुकानं वाढली आणि तिथे हा नियम रुजला. आपल्याकडे तबकडी बऱ्याच ठिकाणी काउंटरमागच्या कपाटातून दुकानदार काढून देई. तिथे नाव वर असायची सक्ती नव्हती, कण्यावरचा क्रमांक सापडला की झालं. तुमच्या एलपींवर नाव खाली किंवा बाजूला बऱ्याचदा दिसलं तर त्याला प्रयोगशीलता म्हणण्याआधी विक्रीची ही पद्धत तपासा. कव्हरची उंची तीन भागांत विभागून मुख्य नाव कुठल्या भागात ते लिहा, एवढंच. जेकार्ड यांचं कॅसेटच्या कण्याचं म्हणणं बरोबर, पण त्यावरून एलपीच्या कण्याबद्दल अनुमान नको. एलपीचा कणा दुकानदारासाठी, कॅसेटचा गिऱ्हाइकासाठी.

रोमन लिपीबद्दलही प्रतिष्ठेचा मुद्दा मला दुय्यम वाटतो. ख्यालाची एलपी कलकत्ता, मुंबई, दिल्ली, मद्रास सगळीकडे जायची, परदेशातही. एकच कव्हर सगळीकडे वाचलं जायला हवं तर त्या काळात रोमनशिवाय पर्याय नव्हता. भावगीताची ईपी महाराष्ट्रातच खपायची, म्हणून तिथे देवनागरी मोठी. खात्री करायची तर हिंदी भजनांची एलपी बघा, प्रतिष्ठा आणि वितरण यांत काय जड पडतं ते तिथे कळेल.

जेकार्ड

कण्याचं मान्य. रोमनचं अर्धंच मान्य. वितरण हे कारण धरलं तर मागच्या बाजूला, जिथे जागा भरपूर होती, मराठी गायकाच्या नाट्यपदांच्या एलपीवरही इंग्रजी टिपण का? ती महाराष्ट्राबाहेर किती जाणार?

दमदम

ते टिपण लिहिणारा आणि तपासणारा कुठे बसत होता यावर ते अवलंबून असावं. वेलांटी यांच्याकडे नाट्यसंगीताच्या एलपी आहेत, त्यांनीच मोजून सांगावं: मागे टिपण मराठीत किती, इंग्रजीत किती, दोन्हीत किती.

वेलांटी

मोजते. नाट्यसंगीताच्या एलपी नऊच आहेत, पण सांगते.

रकाने असे ठरवलेत: नगाचा क्रमांक, माध्यम, गट, कंपनी, मालिका, तीन सालं आणि ती कशावरून काढली, चौकटींचे आकडे, नावांची उतरंड, लिपी, अक्षर हाताचं की टंकाचं, नावाची जागा, नजर-डोळे-तोंड-हात, रंगकुळ आणि उडालाय का, छपाईची पद्धत, मागचं टिपण, कणा. काही राहिलं?

शिरोरेखा

दोन. 'नग कुठून आला' हा रकाना घाला: रद्दीवाला, संग्राहक, घरातला, ग्रंथालय. संग्राहक ख्याल आणि चित्रपट जपतात, आरत्यांची कॅसेट मात्र घरोघरी झिजली की टाकून देत आणि नवी घेत. तुमच्याकडच्या पन्नास कॅसेटमध्ये आरत्यांच्या कमी असतील तर त्या कमी निघाल्या असा अर्थ होत नाही.

दुसरा 'चित्राचा उगम': स्टुडिओतला फोटो, मैफिलीतला फोटो, रंगवलेलं चित्र, चित्रपटाचं पोस्टर, दिनदर्शिकेतलं देवाचं चित्र. पुन्हा वापरलेलं चित्र ओळखता आलं तर तसं लिहा. आणि चित्रकाराचं किंवा छायाचित्रकाराचं नाव मागे बारीक छापलेलं असतं का, तेही. बऱ्याच नगांवर नसेल. नसलं तर 'नाही' लिहा, रकाना रिकामा ठेवू नका, नाहीतर नंतर बघायचं राहिलं की नव्हतंच हे कळणार नाही.

ठिपका

नगाचा क्रमांक कव्हरवर लिहू नका, चिकटपट्टी तर अजिबात लावू नका. ती काढताना लॅमिनेशनसकट शाई निघते. आम्लरहित कागदाची चिठ्ठी, मऊ पेन्सिलने क्रमांक, आणि ती आतल्या पाकिटात तबकडीच्या बाहेरच्या बाजूला. कॅसेटचं कार्ड डबीतून काढताना दुमडीवर ताण देऊ नका. जुन्या कार्डाची शाई तिथेच तडकते आणि कण्यावरचं पहिलं अक्षर जातं.